मेणावरचे पडदे
चेन्नईत जुन्या तंजावरी वीणेच्या लाकडी खुंट्या काढून गिटारसारख्या धातूच्या चाव्या बसवाव्यात का, यावर वाद होतो. पण मूळ वीणा म्हणायची कोणती? तिचे २४ स्थिर पडदे परंपरेने सतराव्या शतकातल्या रघुनाथ नायकाच्या काळाशी जोडले जातात. मराठ्यांचे राज्य तंजावरात आले ते त्यानंतर, १६७६च्या सुमारास. हे पडदे कोळशाची पूड घातलेल्या मेणात बसवतात. उकाड्याने मेण सैल होते, सूर हलतो. मग कारागीर नवे मेण भरून एकेक पडदा कानाने लावतो. दुरुस्ती वीणेच्या घडणीतच आहे. मात्र मेण पुन्हा बदलता येते; फणसाच्या लाकडाला पाडलेले भोक कायमचे. म्हणून माझ्या मते चाव्या नव्या वीणेला लावाव्यात, जुनीला मेणच पुरे.