रोजकीर्द, खतावणी आणि बिघडलेला संगणक

छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूज औद्योगिक वसाहतीतला एखादा लहान कारखाना डोळ्यांसमोर आणू. महिनाअखेर आहे, कामगारांचे पगार काढायचे आहेत. बिलाची नोंद चालू असतानाच वीज जाते. संगणक पुन्हा सुरू केला, तर हिशोबाची फाईल उघडतच नाही! कोणाचे किती देणे, कोणाकडून किती येणे, सारेच अडकून पडते. असा हिशोब परत कसा मिळवतात? या प्रश्नाचे मूळ उत्तर संगणकाहून पुष्कळ जुने आहे आणि त्याचा एक धागा याच शहरात सापडतो.

मलिक अंबरने 1610 साली वसवलेले खडकी पुढे औरंगाबाद झाले, मोगलांच्या दख्खनच्या कारभाराचे केंद्र बनले. इथल्या किले अर्कमध्ये शाहजहान आणि औरंगजेब यांच्या काळातील सुमारे दीड लाख कागद साठले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी ते हैदराबादला नेण्यात आले. मोगल दरबारात हुकूम कसे नोंदवत, हे अबुल फजलने 'आईने अकबरी'त सांगितले आहे. वाकेनवीस प्रथम दिवसभराचे हुकूम तारखेवार लिहून ठेवी. त्यावरून याददाश्त तयार होई, तिच्यावरून गोषवारा. एकच गोष्ट अशी अनेक ठिकाणी उतरत असल्याने एखादा कागद गहाळ झाला, तरी दुसऱ्यावरून त्याचा पत्ता लागे.

मराठी दप्तरांतही हेच तत्त्व होते. रोजकीर्दीत व्यवहार घडतील त्या क्रमाने लिहायचे, मग खतावणीत ते खातेवार मांडायचे. खतावणीला वाळवी लागली, तरी रोजकीर्द शाबूत असली की नवी खतावणी मांडता येते. पेशवे दप्तरातील अशा रोजच्या नोंदींतूनच गणेश चिमणाजी वाड यांनी निवडक उतारे काढले. अठराव्या शतकाच्या अभ्यासाला त्यांचा मोठा आधार झाला.

आता कारखान्याच्या संगणकाकडे वळू. हिशोबाच्या डेटाबेसमधील तक्ते म्हणजे आपली खतावणीच. एका बिलाने ग्राहकाचे खाते, विक्रीचे खाते आणि मालाचा साठा अशा अनेक जागी बदल होतात. मधेच वीज गेली, तर काही बदल होतात, काही राहून जातात. म्हणून चांगले डेटाबेस तक्त्याला हात लावण्याआधी तो बदल एका वेगळ्या नोंदफाईलमध्ये लिहून ठेवतात. ही झाली संगणकाची रोजकीर्द! संगणक पुन्हा सुरू होताच ती वाचली जाते. पूर्ण झालेले व्यवहार पुन्हा करून घेतले जातात, अर्धवट राहिलेले मागे घेतले जातात. ही रीत सी. मोहन आणि त्यांच्या आयबीएममधील सहकाऱ्यांनी 1992 साली सविस्तर मांडली. पुढे अनेक डेटाबेसनी तिचा आधार घेतला.

पण नोंदफाईलही बिघडली असेल तर? मग पहिला नियम असा, की मूळ फाईलला हात लावायचा नाही. तिची प्रत काढून त्या प्रतीवरच प्रयोग करायचे. दुरुस्तीचा प्रोग्राम वाचता येतील ती पाने वाचतो, अनुक्रमणिका नव्याने बांधतो आणि न वाचता येणारे सोडून देतो. यानंतर बहुतेक जण तेरीज काढतात. नावे आणि जमा जुळले, की सुटकेचा निःश्वास टाकतात.

इथेच खरी फसगत होते. एखादे बिल संपूर्ण नाहीसे झाले, तर त्याची नावे बाजूही जाते आणि जमा बाजूही. तेरीज तरीही जुळते! म्हणजे जुळणारी तेरीज हा हिशोब पूर्ण असल्याचा पुरावा नव्हे. हरवलेले बिल उघडे पाडतो तो साधा अनुक्रमांक. 214 नंतर थेट 216 आला, की 215 शोधायला हवे. ते दुरुस्तीचा प्रोग्राम निर्माण करू शकत नाही. ते सापडेल बँकेच्या उताऱ्यात, ग्राहकाकडील बिलात, किंवा जुलै 2017 पासून सुरू झालेल्या जीएसटीच्या विवरणपत्रात. कुठेच दुसऱ्यांदा लिहिले गेले नसेल, तर ते कायमचे गेले.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज करता येईल. मुलांना 20 व्यवहारांची रोजकीर्द आणि तिच्यावरून खतावणी लिहायला सांगावी. मग खतावणीतले एक पान फाडून ते पुन्हा तयार करून घ्यावे. दुसऱ्या वेळी रोजकीर्दीतला एक व्यवहार खतावणीतल्या त्याच्या दोन्ही नोंदींसह गुपचूप काढून टाकावा आणि विचारावे, "हिशोब जुळतो का? मग तो पुरा आहे का?" या दोन प्रश्नांमधले अंतर मुलांच्या ध्यानात आले, की दुसरी प्रत वेगळ्या जागी का ठेवायची, हे त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.