काळ्या कोंबडीचं अंडं : झाबुआपासून महूपर्यंत

कडकनाथचं अंडं काळं नसतं. एवढं एक वाक्य लिहूनही हा लेख संपवता आला असता. पण गेल्या दोन-तीन वर्षांत माझ्या मोबाइलवर काळ्याभोर अंड्यांची इतकी छायाचित्रं आली, आणि तीही आपल्या मंडळातल्या शहाण्यासुरत्या माणसांकडून, की या विषयावर जरा सविस्तर लिहावं असं वाटलं. तलवारी, नाणी आणि मोडी कागद यांच्यात रमणाऱ्या आपल्या मंडळाला कोंबडीचं अंडं हा विषय हलका वाटेल. वाटू दे. अंड्याच्या रंगालाही इतिहास असतो, आणि त्या इतिहासाचं एक टोक आपल्या इंदूरपासून दीडशे किलोमीटरवर आहे.

झाबुआ, अलीराजपूर आणि धार या पट्ट्यात भिल्ल, भिलाला यांच्या अंगणात पिढ्यान् पिढ्या वाढलेली ही कोंबडी. तिथले लोक तिला ‘कालीमासी’ म्हणतात, म्हणजे काळ्या मांसाची. पिसं, चोच, तुरा, पाय, जीभ, हाडांवरचं आवरण, सगळीकडे काळी झाक. दिवाळीनंतर देवाला चढवायचा कोंबडा म्हणून तिला मान, आणि औषधी म्हणून लौकिक. जात आटत चालली आहे हे ध्यानात आल्यावर मध्य प्रदेश सरकारने १९७८ साली झाबुआत तिच्यासाठी उबवणी केंद्र सुरू केलं. २०१८ साली झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि त्यानंतर तिचं नाव जे सुटलं ते थेट शहरातल्या हॉटेलांच्या पाट्यांवर जाऊन बसलं.

आता मुद्द्याचं. कडकनाथचं अंडं फिकट बदामी असतं, दुधावरच्या साईत चहाचा एक थेंब पडावा तसं. कोंबडी काळी असून अंडं काळं का नाही? कारण तिचा काळेपणा मेलॅनिन या द्रव्याचा आहे, आपल्या केसांत नि त्वचेत असतं तेच. कोंबडीच्या अंड्याच्या कवचात मेलॅनिन नसतंच. इंडोनेशियातली आयाम चेमानी ही कोंबडी तर कडकनाथपेक्षाही काळीकुट्ट, तीसुद्धा साईच्या रंगाचीच अंडी घालते. चीनमधली रेशमी पिसांची सिल्की आतून काळी, तिचंही तेच. जगातल्या कुठल्याही काळ्या कोंबडीने आजवर काळं अंडं घातलेलं नाही. मोबाइलवर फिरणारी अंडी संगणकावर किंवा रंगाच्या डब्यात तयार झालेली असतात.

कवचाचा रंग दोनच द्रव्यांतून येतो. तपकिरी रंगाचं प्रोटोपॉर्फिरिन आणि निळ्या-हिरव्या रंगाचं बिलिव्हर्डिन. अंडं कोंबडीच्या पोटात साधारण एक दिवस घडत असतं, त्यातले वीसेक तास कवच चढण्यात जातात. तपकिरी रंग बहुतांशी शेवटच्या काही तासांत, वरून हात फिरवल्यासारखा बसतो. म्हणून तपकिरी अंडं फोडलं तर कवच आतून पांढुरकं दिसतं. नुकतंच घातलेलं, अजून ओलं असलेलं तपकिरी अंडं बोटाने चोळलं तर रंग हातालाही लागतो. आमच्या आजोळी कोंबड्या होत्या. डालग्याखालून अंडं काढताना हाताला लागलेला तो रंग म्हणजे घाण आहे असं समजून आम्ही पोरं हात धूत असू. एक कोंबडी जन्मभर एकाच रंगाची अंडी घालते, छटा तेवढी फिकी-गडद होते. वय वाढलं, उन्हाचा तडाखा बसला, कोंबडी घाबरली, की रंग उतरतो. आतल्या सत्त्वाचा मात्र या रंगाशी संबंध नाही. बलक जास्त पिवळा हवा तर कोंबडीला मका किंवा झेंडूची फुलं घालावी लागतात. ते काम खाण्याचं, कवचाचा रंग जातीचा.

हे कोंबडीच्या जातीवर अवलंबून आहे, आणि जाती पूर्व-पश्चिम अशा वाटल्या गेल्या आहेत, हे चार्ल्स डार्विनच्याही नजरेतून सुटलं नव्हतं. पाळीव प्राणी आणि वनस्पतींमधल्या बदलांवरच्या १८६८ सालच्या ग्रंथात त्याने स्पॅनिश वगैरे कोंबड्यांची अंडी पांढरी, कोचीनची बदामी, मलायाची त्याहून फिकी आणि झुंजीच्या कोंबड्यांची आणखी फिकी असा क्रम लावून, गडद अंडी ही पूर्वेकडून अलीकडे आलेल्या जातींची खूण दिसते, असं म्हटलं आहे. मला हे फार आवडतं. सगळ्या पाळीव कोंबड्यांचं मूळ तांबड्या रानकोंबडीत आहे, असंही त्याच ग्रंथात त्याचं म्हणणं. ती रानकोंबडी आपल्याकडे उत्तर आणि मध्य भारतात अजून आहे. सह्याद्री आणि दक्षिणेत करड्या रानकोंबडीचं राज्य. दोघींच्या हद्दी पचमढीच्या आसपास भेटतात. पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग या करड्या रानकोंबडीकडून आला असं २००८ सालच्या जनुकीय अभ्यासात दिसलं, म्हणजे तांबडी ही मूळ माऊली खरी, पण करडीचंही देणं आहेच.

डार्विन ज्या कोचीनबद्दल लिहितो तिचा आपल्या केरळातल्या कोचीशी काही संबंध नाही. नाव कोचीन-चायनावरून, म्हणजे आजच्या दक्षिण व्हिएतनामवरून पडलं, आणि कोंबड्या आल्या त्या बहुतेक शांघायहून, १८४०च्या दशकात, अफूच्या युद्धानंतर चिनी बंदरं उघडली तेव्हा. ब्रह्मा जातीचं नाव ब्रह्मपुत्रेवरून, पण तिच्या घडणीतही शांघायच्या कोंबड्या आहेत. चितगावच्या झुंजार कोंबड्याही मिसळल्या असं जुने जाणकार सांगत. जॉर्ज बर्नहॅम नावाच्या अमेरिकन माणसाने १८५२ साली व्हिक्टोरिया राणीला ब्रह्मा कोंबड्या भेट पाठवल्या आणि विलायतेत या कोंबड्यांचं वेड शिगेला पोहोचलं. पुढे त्यानेच या वेडाची टिंगल करणारं पुस्तक लिहिलं, म्हणजे माल विकूनही झाला आणि हसूनही झालं! या पूर्वेकडच्या कोंबड्यांमुळे पश्चिमेच्या अंगणात तपकिरी अंडी रुळली. अमेरिकेतली ऱ्होड आयलंड रेड त्यांच्या आणि मलायाच्या तांबड्या कोंबड्यांच्या संकरातून तयार झाली. फ्रान्समधली मारां ही चॉकलेटी अंड्यांची कोंबडी, तिच्यातही चिनी लांगशानचं रक्त आहे.

पांढऱ्या अंड्याची वाट उलटी. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचं इंग्रजी नाव लेगहॉर्न. तिथून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोंबड्या अमेरिकेला गेल्या, तिथे निवडून-निवडून अंड्यांचं यंत्र बनल्या आणि मग जगभर पसरल्या. अमेरिकेतही गंमत अशी की न्यूयॉर्कच्या बाजारात पांढरं अंडं उच्च प्रतीचं मानलं जाई आणि बोस्टनच्या बाजारात तपकिरी. पदार्थ तोच, मान निराळा.

आता आपल्याकडे. १८१८ नंतर महूला छावणी आली. छावणी म्हटली की साहेब, साहेब म्हटला की न्याहारी, आणि न्याहारीला अंडं. ते पुरवणार कोण, तर आसपासच्या गावांतल्या बाया, टोपलीत भुसा घालून. ही अंडी लहान, फिकट बदामी, एकसारखी कधीच नसणारी. गावातली कोंबडी वर्षाला फार तर साठ-सत्तर अंडी घालायची, मध्येच खुडूक व्हायची, मग तिला रवणीला बसवायचं. आपल्या मराठी घरांचा अंड्यांशी संबंध जातीजातीप्रमाणे वेगळा. मराठा, धनगर घरांत कोंबडं ही नित्याची गोष्ट. ब्राह्मण घरांत अंडं शिरलं ते डॉक्टरच्या चिठ्ठीवर, आजाऱ्यासाठी, आणि तेही परसातल्या वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. माझ्या आजीच्या घरी ते भांडं कुठे ठेवायचं यावरून झालेले वाद मी कानांनी ऐकलेले आहेत. रंगाची चर्चा त्या काळी कुणी केल्याचं आठवत नाही. अंडं म्हणजे अंडंच, त्याला ‘गावठी’ हे विशेषण लागत नव्हतं, कारण दुसरं अंडं बाजारात नव्हतंच.

दुसरं अंडं आलं आणि पहिल्याचं नाव बदललं. स्वातंत्र्यानंतर सरकारी कुक्कुटपालन केंद्रांतून लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेडची पिल्लं वाटली गेली. महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १९५५ सालचं, या नव्या विद्येचं ते आपल्याकडचं घर. १९७०च्या दशकात वेंकटेश्वरा हॅचरीजने लेगहॉर्न वंशाच्या संकरित कोंबड्यांचा धंदा देशभर उभा केला, १९८२ साली राष्ट्रीय अंडी समन्वय समिती आली, आणि दूरदर्शनच्या जाहिरातींनी पांढरं अंडं शाकाहाऱ्यांच्याही तोंडी नेऊन ठेवलं. लेगहॉर्न खुडूक होत नाही, वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी घालते. तिच्यापुढे अंगणातली कोंबडी टिकणार कशी? गावातल्या बाईची टोपली हळूहळू बाजारातून हटली.

मग उलट लाट आली. शहरातल्या गिऱ्हाइकाला ‘गावठी’ची ओढ लागली, आणि गावठी ओळखायची कशी तर रंगावरून. तपकिरी म्हणजे गावठी, पांढरं म्हणजे ‘फार्म’चं. इथेच खरी मेख आहे. आज महागड्या दुकानात खोक्यातून मिळणारं गडद, एकसारखं तपकिरी अंडं बहुतेक वेळा ऱ्होड आयलंड रेडचं रक्त असलेल्या संकरित कोंबडीचं असतं. ती पिंजऱ्यात वाढलेली असू शकते. आणि खरोखरच्या गावातल्या कोंबडीचं अंडं इतकं गडद नसतंच. एका टोपलीत साईचं, बदामी, एखादं जवळजवळ पांढरंही निघतं. एकसारखेपणा हीच संशयाची जागा. पांढरी अंडी चहाच्या पाण्यात रंगवून ‘देशी’ म्हणून विकल्याच्या बातम्याही आपण वाचतो. ओल्या कापडाने पुसून बघा असं लोक सांगतात, पण ताज्या अंड्याचा खरा रंगही थोडा निघू शकतो हे वर आलंच आहे, त्यामुळे ती परीक्षा पक्की नाही.

याच ओढीचा विचार करून शास्त्रज्ञांनीही पक्षी घडवले. हैदराबादजवळच्या राजेंद्रनगरला १९८८ साली कुक्कुट संशोधनाचं केंद्र सुरू झालं. तिथल्या वनराजा आणि ग्रामप्रिया या जाती अंगणात टिकाव्यात, रंगीत पिसांच्या असाव्यात आणि अंडी तपकिरी असावीत, हे ठरवून निपजवलेल्या. मला यात फसवणूक दिसत नाही. रंगीत कोंबडी घारी-मांजराच्या नजरेतून वाचते आणि तपकिरी अंड्याला गावात भाव मिळतो, हे दोन्ही हिशेब खरे आहेत. फक्त त्यांना ‘पुरातन देशी वाण’ म्हणू नये.

निळ्या अंड्यांचं प्रकरण आपल्या भागातलं नाही, तरी थोडक्यात सांगतो. दक्षिण अमेरिकेतल्या चिलीत मापुचे लोकांकडे निळी अंडी घालणाऱ्या कोंबड्या होत्या. स्पेनच्या साल्वादोर कास्तेल्यो यांनी त्या १९१४ साली पाहिल्या आणि १९२१ साली हेगच्या जागतिक कुक्कुट परिषदेत जगापुढे मांडल्या. शाळेत आनुवंशिकतेच्या धड्यात चौकट काढायला लावणारे पनेट आठवतात? त्यांनीच १९३३ साली दाखवलं की हा निळा रंग एकाच प्रभावी जनुकाचा खेळ आहे. २०१३ साली त्याचं कारण सापडलं : एका जुन्या विषाणूचा तुकडा कोंबडीच्या जनुकसंचात जाऊन बसला आहे. चीनमधल्या निळ्या अंड्यांच्या कोंबड्यांतही तोच विषाणू आहे, पण वेगळ्या ठिकाणी, म्हणजे ही घटना दोनदा, स्वतंत्रपणे घडली. निळा रंग कवचाच्या आरपार असतो. त्यावर तपकिरी थर बसला की अंडं हिरवं दिसतं.

जाणकार कोंबडीवाले कानाची पाळी बघून अंड्याचा रंग सांगतात. पाळी पांढरी तर अंडं पांढरं, लाल तर तपकिरी. आडाखा वाईट नाही, पण नियम म्हणून तो फसतो. चिलीतल्या निळ्या अंडेवालीची पाळी लाल. स्पेनमधली पेनेदेसेन्का पांढऱ्या पाळीची आणि अंडी मात्र गडद चॉकलेटी.

परत झाबुआकडे, कारण नुकसान तिथे होतंय. कडकनाथचं अंडं कितीतरी पट भावाने विकलं जातं, आणि ते दिसायला शेजारच्या साध्या कोंबडीच्या अंड्यासारखंच असतं. रंगावरून ओळख पटण्याची सोय नाही. हाटात उबवणीसाठी म्हणून अंडी घेणाऱ्याला एकवीस दिवस थांबावं लागतं, आणि पिल्लं काळसर निघाली तरी खात्री नाही, कारण काळेपणा संकरातही उतरतो, कमी-अधिक. अशा संकरित पिल्लांना कडकनाथ म्हणून विकत गेलं की दोन-चार पिढ्यांत जात पातळ होते. वर्षाला जेमतेम शंभर, बहुधा त्याहून कमी अंडी देणाऱ्या कोंबडीला शुद्ध राखायचं तर कळप वेगळा ठेवावा लागतो, कोंबडा सांभाळावा लागतो. ज्या बाईकडे आठ-दहा पक्षी आहेत तिला ते परवडत नाही. तिची खरी अंडी आणि दुसऱ्याची खोटी अंडी एकाच टोपलीच्या भावात जातात. आणि २०१९च्या सुमारास महाराष्ट्रात कडकनाथ पालनाच्या नावाने शेतकऱ्यांना कसं बुडवलं गेलं ते सांगली-कोल्हापूरकडच्या पाहुण्यांकडून आपण सगळ्यांनी ऐकलं आहेच.

मंडळातल्या वाचकांकडे एक मागणं आहे. छावणी, मल्हारगंज, जुनी इंदूर या भागांतल्या जुन्या घरांत, आणि महूच्या कंत्राटदार घराण्यांत, १९६०च्या आधीच्या जमाखर्चाच्या वह्या असतील, तर त्यांतल्या अंडी-कोंबडीच्या नोंदी टिपून पाठवा : भाव, नग, कुठल्या गावाहून आली ते, आणि रंगाचा उल्लेख असलाच तर तोही. नोंद मोडीत असली तरी चालेल, वाचून घेऊ.