फ्रेडी मर्क्युरी

* फ्रेडी मर्क्युरी (१९४६–१९९१) : ‘क्वीन’ या ब्रिटिश रॉक बँडचा मुख्य गायक. मूळ नाव फारुख बलसारा. जन्म झांझिबारमधल्या पारशी कुटुंबात. आठव्या वर्षाच्या सुमारास त्याची रवानगी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाली. तिथल्या मुलांच्या ‘द हेक्टिक्स’ या बँडमध्ये तो मागे पियानोवर बसे. गायक दुसराच होता.

झांझिबारमधल्या १९६४च्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेले. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात तो ग्राफिक डिझाइन शिकला, आणि ती विद्या कामी आली : ‘क्वीन’चे बोधचिन्ह त्यानेच रेखाटले. त्यातले दोन सिंह, खेकडा आणि दोन पऱ्या म्हणजे चौघा सदस्यांच्या राशी. १९७५चे ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ जवळपास सहा मिनिटांचे, रेडिओच्या मानाने लांबलचक. तरी ब्रिटनमध्ये ते सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले.

एड्स झाल्याचे त्याने २३ नोव्हेंबर १९९१ रोजी जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी तो गेला.

गाताना त्याच्या हाती असणारा बिनबुडाचा माइक-स्टँड सुरुवातीच्या एका कार्यक्रमात मधोमध तुटला होता. हातात फिरवायला तो सोयीचा वाटला, म्हणून त्याने तसाच ठेवला. १३ जुलै १९८५च्या ‘लाइव्ह एड’मध्ये वेम्ब्लीच्या मैदानावरही त्याच्या हाती असाच अर्धा दांडा होता.