भूकंप आणि कर्मविपाक

मनुष्यावर एखादें अकल्पित संकट कोसळलें म्हणजे त्याच्या मुखांतून जो पहिला प्रश्न निघतो तो 'हें कशामुळें झालें?' असा बहुधा नसतो. 'हें कोणत्या पापाचें फळ?' असा असतो. हा प्रश्न स्वतःपुरता राहिला तर त्यांतून पश्चात्ताप उपजतो, आणि पुष्कळदां माणूस सुधारतोहि. परंतु शेजाऱ्याच्या पडक्या घराकडे बोट दाखवून तोच प्रश्न विचारला कीं त्याचा निवाडा होतो, आणि निवाडा देणारा परमेश्वराच्या आसनावर न कळत जाऊन बसतो. कर्मफळ आणि ईश्वरी दंड यांविषयींच्या कल्पनांची खरी कसोटी तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांत न पाहतां भूकंपांच्या इतिहासांत पाहावी, असें आम्हांस वाटतें. त्यासाठीं इ. स. १७५५ चा लिस्बनचा आणि इ. स. १९३४ चा बिहारचा, असे दोन भूकंप येथें विचारांत घेतले आहेत.

केलेल्या कर्माचें फळ चुकत नाहीं, ही श्रद्धा बहुतेक सर्व धर्मांत आढळते. भेद आहे तो फळ देणारा कोण, या मुद्द्यावर. प्राचीन मिसर देशांतील चित्रांत मृताचें हृदय तराजूच्या एका पारड्यांत आणि सत्यदेवतेचें पीस दुसऱ्या पारड्यांत घातलेलें दिसतें. जरथुष्ट्राच्या अनुयायांच्या मतें मृताच्या आत्म्यास चिन्वत् पूल ओलांडावा लागतो. यहुदी, ख्रिस्ती आणि मुसलमानी धर्मांत न्यायाधीश एकच, आणि निवाड्याचा दिवसहि ठरलेला. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही आहे खरी. परंतु कर्मविपाकाच्या सिद्धांतास न्यायाधीश हवाच असें नाहीं. जैन आणि बौद्ध यांनीं जगत्कर्त्या ईश्वराची कल्पना बाजूस सारूनहि कर्माचा नियम अबाधित ठेविला.

या सर्व व्यवस्था एकेका जीवाचा हिशेब मांडण्याच्या आहेत. भूकंपाची अडचण हीच, कीं तो एकेकाचा हिशेब पाहत नाहीं. देवळांतला पुजारी, पाळण्यांतलें मूल आणि तुरुंगांतला चोर एकाच क्षणीं एकाच ढिगाऱ्याखालीं सांपडतात. सहाव्या शतकांत वराहमिहिरानें बृहत्संहितेंत या विषयावरचीं निरनिराळ्या आचार्यांचीं मतें नोंदून ठेविलीं आहेत. कोणी म्हणत, पाण्यांत राहणाऱ्या प्रचंड प्राण्यामुळें धरणी कांपते. कोणी म्हणत, पृथ्वीच्या भारानें थकलेले दिग्गज विसावा घेतात म्हणून कांपते. कोणाच्या मतें वायूवर वायु आदळून जमिनीवर कोसळतो. आणि कांहींच्या मतें हें सर्व 'अदृष्टा'मुळें घडतें. लक्षांत ठेवण्यासारखें हें, कीं अदृष्टाचें मत त्या यादींत अनेकांपैकीं एक आहे, एकमेव नाहीं.

आतां लिस्बनकडे वळूं. १ नोव्हेंबर १७५५ हा रोमन कॅथॉलिकांचा सर्व संतांचा सण. सकाळचे साडेनऊ वाजून गेले होते. प्रार्थनामंदिरें उपासकांनीं भरलीं होतीं आणि वेदीवर मेणबत्त्या जळत होत्या. अशा वेळीं धरणी हादरली आणि तीं मंदिरें उपासकांच्या अंगावर आलीं. जे वांचले ते नदीकांठच्या मोकळ्या जागेकडे धांवले. तों पाणी प्रथम ओसरलें आणि मग भिंतीसारखें चालून आलें. त्यांतूनहि जें उरलें तें, ठिकठिकाणीं लागलेली आग पुढें कित्येक दिवस जाळीत राहिली. मृतांची संख्या दहा हजारांपासून पन्नास-साठ हजारांपर्यंत निरनिराळी दिली जाते. राजवाडा व त्यांतील ग्रंथसंग्रह, त्याच वर्षीं उघडलेलें भव्य नाटकगृह, सर्व संतांच्याच नांवाचें रुग्णालय, हीं सारीं नष्ट झालीं. आमच्या गोव्याशीं व पूर्वेकडील इतर मुलुखांशीं चालणाऱ्या व्यापाराचा कारभार जेथून चाले ती 'कासा द इंदिया' कचेरीहि त्यांत गेली.

राख निवाली नव्हती तोंच निवाडे सुरू झाले. प्रॉटेस्टंट देशांतील उपदेशक म्हणूं लागले, कीं इन्क्विझिशनच्या क्रौर्याबद्दल आणि मूर्तिपूजेबद्दल लिस्बनला हा दंड झाला. लिस्बनमधील धर्मगुरु नेमकें उलट म्हणाले: येथें पाखंड्यांस आश्रय दिला, नाटकें व नाच यांत लोक रमले, म्हणून हा दंड. एकच धक्का, एकच देव आणि दोन परस्परविरुद्ध फैसले! शिवाय त्याच धक्क्यानें समुद्रापलीकडे मोरोक्को देशांतील मशिदीहि पाडल्या होत्या. आणि ज्या गल्लींत वेश्यावस्ती होती ती मात्र बरीचशी शाबूत राहिली, असें सांगत असत. हा देवाचा लेख म्हणावा तर तो कोणत्या भाषेंत वाचावा, हें त्यास धर्मशिक्षा म्हणणारांपैकीं कोणासहि सांगतां येईना.

गाब्रिएल मालाग्रिदा हा त्या उपदेशकांतला अग्रणी. हा जेझुइट साधु मूळचा इटलीचा. ब्राझीलमध्यें त्यानें धर्मप्रसारांत अनेक वर्षें घालविलीं होतीं, आणि त्याच्या तपस्वी जीवनाबद्दल लोकांत मोठा आदर होता. इ. स. १७५६ त त्यानें एक पत्रक छापून भूकंपाचें खरें कारण लिस्बनचीं पापेंच होत, नैसर्गिक कारणें सांगणें हेंच मुळीं अधर्माचें, असें प्रतिपादिलें. निराश्रितांसाठीं झोंपड्या उभारणारांपेक्षां प्रायश्चित्त घेणारे लोक त्यास अधिक हवे होते. याच्या उलट राजाचा मंत्री, जो पुढें मार्किस पोंबाल या नांवानें प्रसिद्ध झाला, त्यानें प्रेतांची विल्हेवाट, धान्याचे भाव आणि लुटारूंचा बंदोबस्त यांस हात घातला. एवढ्यावर न थांबतां त्यानें देशांतील सर्व धर्मग्रामांकडे एक प्रश्नावली पाठविली. धक्का किती वेळ टिकला? समुद्र आधीं चढला कीं ओसरला? जमिनीस भेगा पडल्या काय? किती घरें पडलीं, किती माणसें मेलीं? उत्तरें लिहून पाठविलीं तीं गांवोगांवच्या धर्मगुरूंनींच. भूकंपशास्त्राचा आरंभ पुष्कळजण या कागदांपासून धरतात.

परंतु पोंबालची थोरवी गातांना इतिहासाचें दुसरें पान झांकणें बरें नव्हे. त्यानें मालाग्रिदास लिस्बनबाहेर घालविलें. पुढें राजावर हल्ला झाला, त्याचा संशय जेझुइटांवर आला, आणि शेवटीं २१ सप्टेंबर १७६१ रोजीं त्या सत्तरी ओलांडलेल्या वृद्धास पाखंडी ठरवून गळा आवळून मारण्यांत आलें व त्याचा देह जाळण्यांत आला. हें काम इन्क्विझिशनकडून करून घेण्यांत आलें, आणि त्या वेळीं तिच्या प्रमुखपदीं पोंबालचा सख्खा भाऊ होता. ज्या पोंबालच्या अंमलांत इ. स. १७७४ त गोव्यांतील इन्क्विझिशन कांहीं वर्षांपुरतें बंद झालें, त्याच पोंबालनें स्वदेशीं तिचें हत्यार असें वापरलें. देवाच्या नांवानें फैसला करणारा साधु आणि राज्याच्या नांवानें फैसला करणारा मंत्री, दोघांचेंहि आसन अखेर माणसांनींच बनविलेलें होतें.

तिकडे या भूकंपानें युरोपांतील विचारवंतांची झोंप उडविली. व्हॉल्तेअरनें दीर्घ काव्य लिहून, जगांत सर्व कांहीं ठीकच आहे असें म्हणणाऱ्या तत्त्वज्ञांस जाब विचारला. त्यावर रूसोनें ऑगस्ट १७५६ मध्यें त्यास जें पत्र लिहिलें, त्यांतील एक मुद्दा त्या काळीं क्षुल्लक वाटला असेल, पण आज तोच सर्वांत वजनदार वाटतो. रूसोचें म्हणणें असें, कीं सहा-सात मजल्यांचीं वीस हजार घरें एके ठिकाणीं निसर्गानें बांधलीं नव्हतीं. लोक विरळ वस्तींत व हलक्या घरांत राहते, आणि पहिल्या धक्क्यानंतर कपडे, कागद व पैसे यांसाठीं मागें न फिरते, तर हानि पुष्कळच कमी झाली असती. येथें देवाचा दंड नाहीं आणि आंधळी यदृच्छाहि नाहीं. येथें आहे तें मनुष्याचें कर्म, आणि त्याचें याच जन्मीं, याच भूमीवर मिळालेलें फळ.

पावणेदोनशें वर्षांनीं तोच वाद हिंदुस्थानांत उभा राहिला. १५ जानेवारी १९३४ रोजीं दुपारीं दोनच्या सुमारास उत्तर बिहार व नेपाळ हादरले. मुंगेर शहर क्षणांत भुईसपाट झालें. मुजफ्फरपूर व दरभंगा यांची दुर्दशा झाली. शेतांतून वाळू व पाणी यांचे फवारे उसळून सुपीक जमीन वाळूखालीं गेली आणि विहिरी बुजल्या. एकट्या बिहारांत सात हजारांवर माणसें मेलीं. राजेंद्रप्रसाद हे त्या वेळीं सरकारचे बंदिवान होते. दोन दिवसांनीं त्यांची सुटका झाली, आणि प्रकृति ठीक नसतांहि ते मदतकार्यास लागले.

महात्मा गांधी या वेळीं अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर दक्षिणेंत होते. २४ जानेवारी रोजीं तिनवेल्ली येथें त्यांनीं सांगितलें, कीं बिहारचा हा प्रलय म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाबद्दल ईश्वरानें केलेलें शासन आहे असें मी मानतों. हें वाचून रवींद्रनाथ ठाकूर व्यथित झाले. त्यांनीं आपला निषेध लिहून गांधींकडेच पाठविला, आणि गांधींनीं तो पुण्यास इ. स. १९३३ त सुरू झालेल्या आपल्या 'हरिजन' साप्ताहिकाच्या १६ फेब्रुवारी १९३४ च्या अंकांत आपल्या उत्तरासह प्रसिद्ध केला. मतभेदाची अशी अदब आमच्या सार्वजनिक जीवनांत विरळाच.

रवींद्रनाथांचें म्हणणें थोडक्यांत असें: भौतिक उत्पाताचीं कारणें भौतिकच असलीं पाहिजेत. दूर सुरक्षित बसलेल्या अपराध्यांस धडा मिळावा म्हणून लहान मुलांस, आणि ज्यांच्यावर अन्याय झाला त्या अस्पृश्यांसहि चिरडणें, हें कोणत्याहि सुसंस्कृत राजास शोभणार नाहीं; मग तें ईश्वरास कसें शोभावें? आणि हा युक्तिवाद गांधींच्या विरोधकांसहि तितकाच सोयीचा आहे. झालेंहि तसेंच. अस्पृश्यता मोडूं पाहणाऱ्या गांधींच्याच पापामुळें भूकंप झाला, असें म्हणणारे सनातनी निघाले. लिस्बनचे दोन उलटे फैसले येथें जसेच्या तसे पुन्हां ऐकूं आले.

गांधींचें उत्तर प्रांजळ होतें. ही आपली श्रद्धा आहे, ती सिद्ध करून दाखवितां येणार नाहीं. तिचा उपयोग आपण विरोधकांस झोडपण्यासाठीं केला तर ती हीन प्रकारची अंधश्रद्धा ठरेल. ती चुकीची ठरली तरी तिच्यामुळें आत्मशुद्धीचा प्रयत्न अधिक जोमानें होईल, असें त्यांनीं लिहिलें. मालाग्रिदा आणि गांधी यांतला भेद येथें स्पष्ट होतो. गांधींनीं आरोपीच्या पिंजऱ्यांत प्रथम स्वतःस आणि स्वतःच्या समाजास उभें केलें. त्यांच्या वाणींतील नैतिक बळ तेथून आलें. तथापि रवींद्रनाथांचा आक्षेप त्यामुळें निरस्त होत नाहीं, असें आमचें नम्र मत आहे. पश्चात्ताप तिनवेल्लीच्या श्रोत्यांनीं करावयाचा आणि प्राण मुंगेरच्या मुलांनीं द्यावयाचे, ही न्यायाची रीत नव्हे. आपल्या शास्त्रकारांनींहि ती मान्य केलेली नाहीं. केलेल्या कर्माचें फळ न मिळणें आणि न केलेल्या कर्माचें फळ भोगावें लागणें, यांस ते 'कृतनाश' व 'अकृताभ्यागम' असे दोष म्हणतात, आणि कर्मसिद्धांत मांडला जातो तो हे दोष टाळण्यासाठींच. समुदायावर सरसकट कोसळणाऱ्या दंडाला कर्मविपाक म्हणणें म्हणजे कर्मविपाकाचाच पाया उखडणें होय.

आणि नवल असें, कीं निरनिराळ्या धर्मांतील थोर वाणी या बाबतींत एकमेकींच्या फार जवळ येतात. सर्व सुखदुःखें पूर्वकर्मामुळेंच होतात काय, असें सीवक नांवाच्या परिव्राजकानें विचारलें असतां भगवान् बुद्धांनीं पित्त, कफ, वात, ऋतुपालट, दुसऱ्याचा आघात अशीं अनेक कारणें सांगितलीं आणि कर्मविपाक हें त्यांतील केवळ एक म्हणून गणलें. ईयोबाच्या कथेंत, त्यानें पाप केलेंच असलें पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या मित्रांवरच अखेर देवाचा कोप होतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसें मेलीं, तीं इतरांहून अधिक पापी होतीं काय, या प्रश्नास येशू ख्रिस्तांनीं नकार दिला आणि विचारणारांसच स्वतःकडे पाहण्यास सांगितलें. महंमद पैगंबरांचा लहानगा पुत्र इब्राहीम वारला त्या दिवशीं सूर्यग्रहण लागलें, आणि लोक त्याचा संबंध त्या मृत्यूशीं जोडूं लागले. पुत्रशोकांत असतांहि पैगंबरांनीं सांगितलें, कीं सूर्यचंद्रांस कोणाच्या जन्ममरणामुळें ग्रहण लागत नाहीं. आमच्या याज्ञवल्क्यस्मृतींत एका चाकानें रथ चालत नाहीं, तसें पुरुषप्रयत्नावांचून दैव सिद्धीस जात नाहीं, असें म्हटलें आहे; आणि लोकमान्यांनीं गीतारहस्यांत कर्मविपाकाच्या प्रकरणास आत्मस्वातंत्र्याची जोड दिली, तीहि याच दृष्टीनें.

या विचाराची प्रचीति महाराष्ट्रास एका काळरात्रीं आली. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणपतिविसर्जन आटोपून लोक निजले असतां, पहांटे चारच्या सुमारास किल्लारी, सास्तूर व आसपासचीं गांवें हादरलीं आणि हजारों माणसें निजल्या ठिकाणींच गाडलीं गेलीं. तो धक्का बिहारच्या मानानें पुष्कळच लहान होता. माणसें मारलीं तीं जाड दगडमातीच्या भिंतींनीं आणि त्यांवरील मातीच्या जड माळवदांनीं. उलट कुडाच्या हलक्या झोंपड्यांतील पुष्कळ गरीब वांचले. ते पुण्यवान होते म्हणून नव्हे, तर त्यांच्या डोक्यावर ओझें नव्हतें म्हणून. रूसोनें लिस्बनविषयीं जें लिहिलें तें मराठवाड्याच्या काळ्या मातींत असें पुन्हां वाचावयास मिळालें. पोंबालच्या कारागिरांनीं नव्या लिस्बनच्या भिंतींत लांकडाचे पिंजरे बसविले होते, तेंहि एका अर्थीं प्रायश्चित्तच होतें. आणि मालाग्रिदानें मागितलेल्या प्रायश्चित्तापेक्षां तें अधिक फलदायी ठरलें.

कर्माचा नियम खोटा आहे असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. उलट तो आपण समजतों त्याहून अधिक कठोर आहे. घर कसें बांधलें, धोक्याची सूचना कोणी दडपली, निकृष्ट माल कोणी विकला, कोणास उंच सुरक्षित जागा दिली आणि कोणास ओढ्याकांठीं ढकललें, याचा हिशेब तो चुकवीत नाहीं. मात्र करणारा एक आणि भोगणारा दुसरा, असा अन्याय माणसांच्या व्यवहारांत नित्य घडतो, आणि त्याचें खापर देवावर फोडणें हें त्या अन्यायांतलें शेवटचें पाप होय. म्हणून कर्मविपाकाचा ग्रंथ वाचावयाचा तो आरशासारखा, स्वतःचें तोंड पाहण्यासाठीं वाचावा. ढिगाऱ्याखालीं सांपडलेल्याजवळ जातांना तो घरींच ठेवावा, आणि हातीं कुदळ व पाण्याचा तांब्या घ्यावा.