बट्टा : तापलेली कार्डे आणि न झिजणारी खाण

आजच्या थ्रेडची सुरुवात एका बंद पडलेल्या ग्राफिक्स कार्डापासून करतो. २०२२ च्या दिवाळीनंतर माझ्या रूममेटने ते जुन्या बाजारातून घेतले. किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी होती आणि विकणाऱ्याचे म्हणणे होते की कार्ड फक्त गेम खेळण्यासाठी वापरले आहे. हिवाळाभर ते उत्तम चालले. एप्रिलमध्ये पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन उमटू लागले आणि मे महिन्यात पडदा काळा झाला.

दुरुस्ती करणाऱ्याने कार्ड उघडून आमच्यासमोर ठेवले. मेमरीच्या चिपांवरील मऊ थर्मल पॅडमधून तेल पाझरून वाळले होते. मुख्य चिपेवरच्या पेस्टचा पापुद्रा झाला होता. एक पंखा बोटाने फिरवला तर खरखरत थांबत होता. ‘माइनिंगचं आहे,’ एवढेच तो म्हणाला. सराफाने नाणे ओट्यावर वाजवून परत सरकवावे, तसे त्याने ते आमच्याकडे सरकवले.

ही सराफाची उपमा उगाच दिलेली नाही. मराठवाड्याला दोन चलनांची सवय फार जुनी आहे. १९४८ पर्यंत नांदेड आणि लातूर हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. इथे हाली सिक्का चाले आणि सरहद्द ओलांडली की ब्रिटिश भारताचा कलदार रुपया. दोघांचे मोल सारखे नव्हते. संस्थान विलीन झाल्यावरही हाली रुपया काही वर्षे व्यवहारात राहिला आणि १९५९ मध्ये तो कायमचा रद्द झाला. अशा प्रदेशात सराफाचे मुख्य काम म्हणजे बट्टा ठरवणे. नाणे परक्या मुलखाचे असेल तर बट्टा, आणि हातोहाती फिरून झिजले असेल तरी बट्टा. वापरलेल्या वस्तूची झीज कुणीतरी भरून द्यावीच लागते, एवढी साधी गोष्ट त्या एका शब्दात मान्य केलेली आहे.

बिटकॉइनचे वेगळेपण असे सांगितले गेले की हे नाणे कधीच झिजत नाही. ते खरेही आहे, कारण ते निव्वळ नोंद आहे. मात्र ती नोंद करणारे यंत्र झिजते, आणि फार वेगाने झिजते. माझ्या मते क्रिप्टोच्या इतिहासात सर्वांत दुर्लक्षित राहिलेली बाब हीच आहे.

थोडे मागे जाऊ. बिटकॉइनचा पहिला ब्लॉक ३ जानेवारी २००९ रोजी तयार झाला. खाणकाम म्हणजे प्रत्यक्षात अंदाज बांधत राहणे. यंत्र एक संख्या घेते, ती ठरावीक गणिती प्रक्रियेतून नेते आणि उत्तर अपेक्षित मर्यादेत येते का ते पाहते. नाही आले तर पुढची संख्या. ज्याचा अंदाज आधी लागेल त्याला नवी नाणी मिळतात. चुकलेल्या कोट्यवधी अंदाजांचे काहीच उरत नाही, उरते ती उष्णता. यंत्राने घेतलेली जवळजवळ सारी वीज शेवटी उष्णताच होते. खोलीत एक हजार वॅटची रिग चालवणे आणि एक हजार वॅटचा हीटर लावणे यांत भौतिकशास्त्र फरक करत नाही.

आरंभी हे काम संगणकाच्या साध्या प्रोसेसरवर होई. २०१० मध्ये काहींच्या लक्षात आले की ग्राफिक्स कार्ड ते कितीतरी वेगाने करते. पडद्यावरच्या लाखो बिंदूंचे रंग एकाच वेळी मोजण्यासाठी त्यात छोटी गणनयंत्रे शेकड्यांनी बसवलेली असतात आणि अंदाज बांधण्याच्या कामाला नेमके तेच हवे होते. कार्डांचे हे राज्य तीनच वर्षे टिकले. २०१३ पासून फक्त बिटकॉइनसाठी घडवलेल्या चिपा बाजारात आल्या आणि त्या शर्यतीतून कार्डे बाद झाली.

त्यांना पुन्हा मागणी आली ती इथेरियममुळे. ३० जुलै २०१५ रोजी सुरू झालेल्या या जाळ्याची रचना मुद्दामच अशी होती की खास चिपांना तिथे फारसा लाभ होऊ नये. प्रत्येक अंदाजासाठी यंत्राला मेमरीतील एका मोठ्या कोष्टकातून पुन्हा पुन्हा वाचावे लागे. हे कोष्टक आरंभी सुमारे १ जीबीचे होते आणि वाढतच गेले. २०२० च्या अखेरीस ते ४ जीबीच्या पुढे गेले, तेव्हा ४ जीबीची कार्डे धडधाकट असूनही निकामी ठरली.

कार्डे का मरत, हे समजण्यासाठी हा तपशील महत्त्वाचा आहे. गेम खेळताना मुख्य चिप तापते आणि पंखे तिच्याच तापमानाकडे पाहून वेग घेतात. इथेरियमच्या खाणकामात मुख्य चिप तुलनेने निवांत असे आणि मेमरी मात्र अहोरात्र राबे. त्यामुळे पडद्यावर ‘६० अंश’ दिसत असताना मेमरीच्या चिपा शंभरीपलीकडे गेलेल्या असत. २०२० मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०८० आणि ३०९० या कार्डांतील नव्या जातीची मेमरी ११० अंशांपर्यंत चढून स्वतःचा वेग कमी करू लागे. ३०९० मध्ये तर निम्म्या मेमरी-चिपा पाटीच्या मागच्या बाजूला होत्या, जिथे पंख्याचा वाराच पोहोचत नसे. जगभरातले माइनर नवी कोरी कार्डे उघडून त्यांतले पॅड बदलत होते, वॉरंटीवर पाणी सोडून.

आता हेच यंत्र नांदेड-लातूरच्या मे महिन्यात आणू. कार्डातील पंखा थंड हवा निर्माण करत नाही, तो फक्त खोलीतील हवा आत ढकलतो. खोली २२ अंशांची असताना चिप ६५ वर राहत असेल, तर पंख्याच्या त्याच वेगाला ४२ अंशांच्या खोलीत ती ८५ च्या आसपास जाते. मग पंखा पूर्ण वेगाने, दिवसाचे चोवीस तास फिरतो आणि पहिला बळी त्याच्या बेअरिंगचा जातो. आपल्याकडचा घरगुती उपाय म्हणजे कूलर. तो हवा गार करतो खरा, पण खोलीत ओलही वाढवतो. उन्हाळ्यातली धूळ आणि ती ओल मिळून कार्डाच्या पात्यांवर जो थर बसतो, तो ब्रशने निघत नाही.

विजेच्या लपंडावाचा परिणाम आणखी सूक्ष्म असतो. कार्डावरील चिपा शिशाच्या किंवा कथिलाच्या बारीक थेंबांनी पाटीला जोडलेल्या असतात. तापल्यावर चिप आणि पाटी वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात, वीज गेली की आकसतात. प्रत्येक फेऱ्यात त्या थेंबांवर ताण येतो आणि एक दिवस त्यांपैकी एखाद्याला केसाएवढी भेग पडते. सतत एकाच तापमानावर चालणाऱ्या कार्डापेक्षा रोज तापून थंड होणारे कार्ड या बाबतीत अधिक सोसते. म्हणूनच ‘माइनिंगचे कार्ड म्हणजे मढे’ हा सरसकट नियम मला पटत नाही. जाणकार माइनर कार्डाचा व्होल्टेज उतरवून ठेवत, हवा खेळती ठेवत. त्यांची कार्डे एखाद्या हौशी गेमरच्या कार्डापेक्षा सुस्थितीतही सापडत. प्रश्न इतकाच, की विकणारा कोणत्या जातीचा होता हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसे.

विजेचा हिशेबही मांडू. सहा कार्डांची रिग साधारण एक किलोवॅट घेते असे धरले, तर महिन्याला ७२० युनिट होतात. सरासरी दर १० रुपये धरला तरी ७,२०० रुपये. महावितरणचा घरगुती दर वापर वाढेल तसा चढत जातो, हे वेगळेच.

आणि ही वीज येते कुठून? आपल्या सर्वांत जवळचे मोठे औष्णिक केंद्र परळीचे. तिथेही अडचण उष्णतेचीच. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेल्या वाफेचे पुन्हा पाणी करायचे, तर तिची उष्णता दुसऱ्या पाण्याने वाहून न्यावी लागते, आणि ते पाणी शीतकरण मनोऱ्यांतून हवेत उडून जाते. जुलै २०१५ मध्ये गोदावरीवरील खडका बंधाऱ्याचे पाणी आटले आणि परळीचे सर्व संच बंद करावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, उष्णता नेऊन टाकायला पाणी नव्हते. पुढच्या वर्षी, १२ एप्रिल २०१६ रोजी, मिरजेहून १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला पोहोचली. ती ‘जलदूत’ आपल्यापैकी अनेकांनी शाळेत असताना पाहिली असेल. परळी थंडावली त्याच जुलै महिन्यात इथेरियम सुरू झाले. योगायोगांतून अर्थ काढू नये असे आम्हाला शिकवले जाते, म्हणून तो फक्त नोंदवून ठेवतो.

त्याच काळात, २०१५ पासून, एक वेगळीच खाण लोकांपुढे मांडली जात होती. तिला खोली नको, कूलर नको, वीजबिल नको. ‘गेनबिटकॉइन’ हे तिचे नाव आणि अमित भारद्वाज हा तिचा प्रवर्तक. तुम्ही बिटकॉइन विकत घेऊन आमच्याकडे गुंतवा, यंत्रे आम्ही दूरदेशी चालवू आणि तुम्हाला १८ महिने दरमहा १० टक्के परतावा बिटकॉइनमध्येच देऊ, असे हे वचन होते. नवे सभासद आणणाऱ्याला वेगळे कमिशन. साखळी शहरांतून पसरली आणि मराठवाड्यातही पोहोचली. २०१८ मध्ये पुण्याबरोबरच नांदेडमध्येही गुन्हा दाखल झाला, तेव्हा या खाणीचे नाव इथल्या वर्तमानपत्रांत आले.

यंत्रे मुळीच नव्हती, असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. ‘जीबीमाइनर्स’ नावाच्या त्यांच्या खाणकाम-समूहाने ब्लॉक मिळवल्याच्या नोंदी बिटकॉइनच्या खातेवहीत आजही आहेत. आक्षेप असा की परतावा त्या यंत्रांच्या कमाईवर अवलंबून नव्हता. तपास यंत्रणांच्या म्हणण्यानुसार जुन्यांना मिळणारे नव्यांच्या खिशातून येत होते. यासाठी कोणाची कागदपत्रे पाहण्याचीही गरज नव्हती, साधे अंकगणित पुरले असते. ९ जुलै २०१६ रोजी बिटकॉइनच्या नियमानुसार प्रत्येक ब्लॉकमागचे बक्षीस २५ वरून १२.५ नाण्यांवर आले. जगभर यंत्रे वाढत होती, त्यामुळे अंदाजाची काठिण्यपातळी चढत होती. वापरात असलेले प्रत्येक यंत्र झिजत होते आणि नव्या पिढीच्या यंत्रापुढे जुने निरुपयोगी ठरत होते. खऱ्या खाणीचे उत्पन्न महिन्यागणिक घसरायला हवे होते. या खाणीचे मात्र १० टक्के १० टक्केच राहिले. बट्टा शून्य.

२०१७ मध्ये नवे सभासद कमी होऊ लागले, तेव्हा परतावा बिटकॉइनऐवजी ‘एमकॅप’ या त्यांच्या स्वतःच्याच नाण्यात देणे सुरू झाले. त्याचे मोल बिटकॉइनच्या मानाने नगण्य होते. दोन वर्षे न कापलेला बट्टा गुंतवणूकदारांकडून एकाच घावात वसूल झाला. आणि बिटकॉइनचा भाव गगनाला भिडला तेही त्याच वर्षी.

एप्रिल २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी भारद्वाजला अटक केली. २०१७ च्या भावाने सुमारे ६,६०० कोटी रुपयांचे बिटकॉइन गोळा केल्याचा आरोप अंमलबजावणी संचालनालयाच्या कागदपत्रांत आहे. युक्रेनमध्ये खाण उभारण्यासाठी २८५ बिटकॉइन दिले गेले आणि ती खाण उभीच राहिली नाही, असेही त्यांत म्हटले आहे. जानेवारी २०२२ मध्ये भारद्वाज मरण पावला. त्याच वर्षी, ज्यांना पुणे पोलिसांनी तपासासाठी मदतीला घेतले होते, त्या सायबरतज्ज्ञांपैकी दोघांना जप्तीतील बिटकॉइन वळवल्याच्या आरोपावरून अटक झाली. २०२३ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाने राज्याराज्यांतले गुन्हे एकत्र करून सीबीआयकडे सोपवले. त्यामुळे नांदेडच्या तक्रारीचा माग आता दिल्लीच्या कागदांत काढावा लागेल. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकाला हे दुखणे ओळखीचे आहे. संस्थानी दप्तरासाठीही आम्हाला हैदराबादलाच जावे लागते.

कार्डांची कथा १५ सप्टेंबर २०२२ रोजी संपली. इथेरियमने खाणकामाची पद्धतच टाकून दिली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून अधिक घटला. जगभरची लाखो कार्डे एका दिवसात बेकार होऊन जुन्या बाजाराकडे वळली. भारतात १ एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर लागला होता, आणि त्याआधीच मार्चमध्ये सरकारने संसदेत स्पष्ट केले होते की खाणकामाच्या यंत्रसामग्रीचा खर्च त्यातून वजा करता येणार नाही. म्हणजे कायद्याच्या वहीतही कार्डाच्या झिजेला रकाना नव्हता. ती झीज पंख्यांत, पॅडमध्ये आणि कथिलाच्या थेंबांत तशीच बसून राहिली आणि दिवाळीनंतर आमच्या खोलीत आली.

जुने कार्ड घेणाऱ्यांसाठी त्या दुरुस्तीवाल्याने सांगितलेले लिहून ठेवतो. कार्ड बंद करून पंखे हाताने फिरवून पाहा, खरखर ऐका. स्क्रू पूर्वी उघडल्याच्या खुणा पाहा. पॅड बदलले असतील तर ती चांगलीच गोष्ट असू शकते, पण विचारा. मेमरीचे तापमान दाखवणारे सॉफ्टवेअर लावून अर्धा तास पूर्ण भाराखाली चालवा, आणि शक्य असेल तर ते भर दुपारी, कूलर बंद ठेवून करा.

पुढचा थ्रेड हाली सिक्क्याच्या टांकसाळीवर.