शेवटच्या रांगेपर्यंत शब्द नेणाऱ्या ध्वनिस्तंभांची गोष्ट (थ्रेड)

लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये, सभागृह रिकामे असताना, उच्चारलेला शब्द विरून जायला दहा-बारा सेकंद लागतात. तेवढ्या अवधीत प्रवचनकार दोन-तीन वाक्ये पुढे गेलेला असतो. मागे बसलेल्या भाविकांना आवाज भरपूर ऐकू येई, शब्द मात्र कळत नसे.

आवाज वाढवणे हा उपाय येथे निरुपयोगी होता. शब्द मोठा केला की त्याचा घुमारही तितकाच मोठा होतो. १९५० च्या दशकाच्या आरंभी बिल्डिंग रिसर्च स्टेशनमधील पी. एच. पार्किन आणि त्यांचे सहकारी टेलर यांनी प्रश्नच वेगळा मांडला: ध्वनी घुमटाकडे जाऊच न देता केवळ माणसांकडे पाठवता येईल का?

त्यासाठी त्यांनी कर्णे एकावर एक रचून उंच स्तंभ उभारले. अशा उभ्या रांगेतून निघणारा ध्वनी आडव्या दिशेने पंख्यासारखा पसरतो, वर-खाली मात्र अरुंद पट्ट्यात राहतो. वरच्या आणि खालच्या कर्ण्यांच्या लहरी तिरप्या दिशेने एकमेकींना छेद देत मावळतात, समोरच्या दिशेने त्या एकमेकींना बळ देतात. पुढील साऱ्या इतिहासाचा पाया एवढाच आहे.

दुसरी अडचण वेळेची होती. तारेतून संकेत तत्क्षणी पोहोचतो. प्रत्यक्ष आवाजाला ३४ मीटर अंतर कापायला सेकंदाचा दहावा भाग लागतो. त्यामुळे दूरच्या श्रोत्याला शेजारचा स्तंभ आधी ऐकू येणार आणि प्रवचनकाराचा आवाज मागाहून. येथे हेल्मुट हास यांचे जर्मनीतील गटिंगेन येथे १९४९ मध्ये झालेले संशोधन उपयोगी पडले. जो ध्वनी आधी पोहोचतो, त्याचीच दिशा कान खरी मानतो. त्यामागून काही मिलिसेकंदांनी आलेला ध्वनी अधिक मोठा असला तरी! मग फिरत्या चाकावरील चुंबकीय लेपावर आवाज नोंदवून तो क्षणभराने पुन्हा वाचून घेण्याची युक्ती केली गेली आणि दूरचे स्तंभ मुद्दाम मागे ठेवले गेले. शब्द स्तंभातून येई, पण भाविकाला तो व्यासपीठावरूनच आल्यासारखा वाटे. माझ्या मते ध्वनिवर्धनाच्या इतिहासातील हा सर्वांत सुंदर क्षण आहे. यंत्राने स्वतःला अदृश्य केले!

यानंतर काळ रॉक संगीताचा आला आणि सूक्ष्मतेची जागा आकारमानाने घेतली. अमेरिकेतील 'ग्रेटफुल डेड' या वृंदाने १९७४ मध्ये 'वॉल ऑफ साउंड' उभारली. सुमारे ६०० कर्णे, सुमारे ७५ टन वजन, आणि प्रत्येक वाद्यासाठी स्वतंत्र रचना. विचार शास्त्रशुद्ध होता, वाहतूक अशक्यप्राय. त्याच वर्षी ती भिंत मोडली. (आपल्याकडच्या मिरवणुकीतील 'भिंत' हिची वंशज नव्हे. त्या भिंतीत दिशेचा विचार होता.)

खरी कोंडी तांत्रिक होती. रांगेतील सर्व कर्ण्यांनी मिळून एकच अखंड लहर निर्माण करायची, तर त्यांतील अंतर तरंगलांबीच्या निम्म्याहून कमी हवे. १६,००० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी जेमतेम २ सेंटिमीटर! एवढ्या जवळ कर्णे बसवायचे कसे? भौतिकशास्त्रज्ञ क्रिश्चन हाइल यांनी मार्सेल अर्बन यांच्यासह यावर उत्तर शोधले. उच्च स्वर अशा नलिकेतून न्यायचा की, कोणत्याही वाटेने गेला तरी त्याला तेवढेच अंतर पडावे आणि बाहेर येताना लहर सपाट व्हावी. त्यांची 'व्ही-डॉस्क' रचना १९९० च्या दशकाच्या आरंभी आली. आज मोठ्या मैफलीत मंचाच्या दोन्ही बाजूंना लटकणारी केळफुलासारखी वळलेली माळ तिचीच परंपरा सांगते.

मात्र या माळेचा प्रत्येक कोन हातानेच ठरवावा लागे. दोन पेट्यांमधील खिळ एक-दोन अंशांनी चुकली, तर एखादी रांग सुनी पडे. सभागृह बदलले की माळ खाली उतरवा, कोन बदला, पुन्हा चढवा. त्यातच हवाही स्थिर नसते. तापमान एका अंशाने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो आणि कोरडी हवा उच्च स्वर अधिक शोषून घेते. दुपारी जुळवलेला आवाज संध्याकाळी तसाच राहत नाही.

मोजमापाची वाट जॉन मायर यांच्या कंपनीने १९८४ मध्ये 'सिम' या उपकरणाने खुली केली. यंत्राकडे पाठवलेला संकेत आणि सभागृहातील मायक्रोफोनने ऐकलेला ध्वनी यांची तुलना करायची. चाचणीसाठी वेगळा खरखराट नको, चालू संगीतच पुरे. श्रोते बसलेले असतानाच सभागृहाची नाडी पाहता येऊ लागली.

पुढे संगणकीय प्रक्रिया स्वस्त झाली आणि कोन धातूतून गणितात गेला. प्रत्येक कर्ण्याला स्वतःचा प्रवर्धक आणि स्वतःचा विलंब दिला की सरळ टांगलेली माळही खाली झुकल्यासारखी ऐकू येते. पार्किन यांच्या चाकाचे काम आता प्रत्येक कर्ण्यासाठी स्वतंत्रपणे होते. २०१३ च्या सुमारास आलेल्या 'अन्या' या अमेरिकन रचनेत एका पेटीत २२ कर्णे आणि प्रत्येकावर वेगळे नियंत्रण होते. सभागृहाचा नकाशा आणि श्रोत्यांच्या जागा दिल्या की सॉफ्टवेअर हवा तो ध्वनिपट आखते. सज्जा रिकामा असेल तर तिकडे ध्वनी जाणार नाही अशी आखणी माळ न उतरवता करता येते.

तरीही हे गणित सर्वत्र चालत नाही. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ७ मीटर असते. त्याहून आखूड माळ त्याला वळवू शकत नाही. म्हणूनच अत्याधुनिक मैफलीतही गाणे शेजारच्या वस्तीपर्यंत पोहोचत नाही, पण ढोलाची धडधड मात्र पोहोचते.