आठव्या रिळाचं संगीत

साल 1959. महालक्ष्मीच्या फेमस स्टुडिओत, मागच्या भिंतीशी उभे राहा आणि खोकला आला तर दाबा. टेकच्या वेळी पंखेसुद्धा बंद असतात, कारण मायक्रोफोन त्यांची घरघर पकडतो. पन्नासेक वादक घामानं निथळताहेत. आज गाणं नाही. आज पार्श्वसंगीत आहे.

समोरच्या पडद्यावर आठवं रीळ सुरू होतं. नायिका पत्र वाचते, त्याची घडी घालते, कंदिलाची वात खाली करते आणि सासूला म्हणते, ते येणार नाहीत. जेमतेम सव्वा मिनिटाचा प्रसंग. सहायक स्टॉपवॉच धरून कुठे काय घडतं ते टिपून घेतो. संगीत दिग्दर्शक पेटीवर एक चाल वाजवतात, आणि शेजारी बसलेला माणूस ती ऐकता ऐकता पाच रेघांच्या कागदावर उतरवून काढतो. तो अरेंजर. गोव्याचा. गोवा अजून पोर्तुगिजांकडे आहे, आणि तिथल्या चर्चच्या शाळेत तो लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकला आहे. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस अशी अनेक माणसं याच वाटेनं मुंबईच्या स्टुडिओंत आली. मुंबईच्या चित्रपट संगीतावर त्यांचं ऋण आहे, आणि ते आपण पुरेसं मानलेलं नाही असं मला वाटतं.

पहिला प्रयत्न ऐका. वीस व्हायोलिनं मिळून चाल वाजवतात, खाली बाकीचा वाद्यवृंद भरून येतो. नुसतं ऐकायला फार सुंदर. पण डोळे पडद्यावर ठेवा. नायिकेच्या चेहऱ्यावर अजून काही उमटलेलंही नसतं आणि व्हायोलिनं रडून मोकळी झालेली असतात. शिवाय तिचं ते एक वाक्य तुम्हाला नीट ऐकूच आलं नाही. बाईच्या आवाजाची आणि व्हायोलिनची पट्टी एकमेकींवर येते. दोन्ही एकाच जागेसाठी भांडतात.

मग रेकॉर्डिस्टनं संगीत खाली घ्यावं? इथे सगळा वाद्यवृंद एकत्र, एकाच वेळी रेकॉर्ड होतो. नंतर खाली घ्यायचं तर सगळंच खाली जाईल. व्हायोलिन तेवढं उतरवून चेलो पुढे आणायची सोय नाही. म्हणून बॅलन्स आधी कागदावर आणि मग बैठकीत साधावा लागतो: ट्रंपेटवाले पार मागे, बासरी माइकजवळ.

अरेंजर रबर उचलतो. व्हायोलिनकडून चाल काढून घेतो आणि एकट्या चेलोला देतो, खालच्या सप्तकात. व्हायोलिनवाल्यांना सांगतो, घोडीवर म्यूट चढवा आणि एकच लांब स्वर धरा, अगदी हलक्या गजानं. क्लॅरिनेटला फक्त तळातले स्वर. पत्राची घडी पडते तिथे डबल बासनं एकदाच बोटानं तार छेडायची. आणि वाक्याच्या ठिकाणी? तिथे तो म्यूट केलेला स्वर सोडून सगळ्यांनी थांबायचं.

रीळ पुन्हा पहिल्यापासून. पंखे बंद.

आता बघा. चेलो माणसाच्या छातीतून निघाल्यासारखा बोलतो आणि पत्र वाचणाऱ्या त्या बाईला वेळ देतो. वाक्य येतं तेव्हा त्याच्याभोवती मोकळी जागा असते; शब्द लख्ख पोचतात, त्यांच्यातला कंपही पोचतो. मघाशी नायिका दुःखी आहे असं सांगितलं जात होतं. आता तुम्हाला ते आपसूक कळलं. चाल तीच आहे. एकही स्वर बदललेला नाही.

निर्माते वादकांचा मोठा ताफा जाहिरातीत मिरवतात. मोठ्या ताफ्याला माझा विरोध मुळीच नाही. 1951 च्या ‘आवारा’तलं स्वप्नदृश्य आठवा: ढगांवर चढत जाणाऱ्या त्या देखाव्याला तेवढाच भव्य नाद हवा होता. पण तिथेही ‘घर आया मेरा परदेसी’ला पाय देतो तो लाला गंगावणे यांचा ढोलक, तमाशाच्या फडातून आलेल्या हातांचा. एवढ्या गजांच्या गर्दीत त्या एका ढोलकाला जागा सोडायची हे कुणाला तरी सुचावं लागतं. संगीताचा कस अशा सोडलेल्या जागांवर लागतो, आणि तिथे चुकलं तर संख्येनं ती उणीव कधीच भरून निघत नाही.

हे ज्यांना सुचायचं त्यांची नावं पोस्टरवर नसत. ‘आवारा’चे संगीतकार शंकर-जयकिशन यांच्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत दत्ताराम आणि सेबॅस्टियन दिसतात ते सहायक म्हणून. 1977 साली ‘अमर अकबर अँथनी’तल्या गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घराघरांत जाईल, प्यारेलाल यांनी आपल्या व्हायोलिनच्या गुरूंना त्यातून मान दिला आहे, हे मात्र त्यावर नाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

तुमच्या डोक्यात अजून चेलोच आहे, पण इथे कुणाला थांबायला सवड नाही. पंखे पुन्हा लागलेत, चहा आलाय, नववं रीळ चढवलं जातंय. त्यात घोड्यांचा पाठलाग आहे. संगीत दिग्दर्शक मांडीवर ठेका धरतात, ट्रंपेटवाले ओठ ओले करतात, आणि अरेंजर विचारतो, टापांचा आवाज ठेवणार की काढणार? ठेवणार असाल तर मी ड्रम लिहीत नाही.